मोठ्या तसबिरींची डिजिटल प्रत: यंत्र निवडण्याआधी

पत्राचा सारांश: सांगलीहून एका निवृत्त शिक्षिकेने लिहिले आहे. त्यांचे जुने घर पुनर्बांधणीसाठी दिवाळीनंतर रिकामे करायचे आहे. घराच्या सोप्यात आणि माजघरात मिळून नऊ मोठ्या तसबिरी आहेत. पणजोबा आणि पणजी यांची साधारण वीस बाय चोवीस इंचांची, हाताने रंगवलेली दोन एन्लार्जमेंट. आजोबा मुख्याध्यापक असताना काढलेला शिक्षकवर्गाचा समूहफोटो, ज्याच्या पुठ्ठ्यावर खाली नावे छापलेली आहेत. आजीचा एक कृष्णधवल फोटो. आणि १९७० ते ८५ च्या दरम्यानच्या लग्नामुंजींचे, खरबरीत कागदावरचे पाच रंगीत फोटो. २०१९ च्या महापुरात आजीची तसबीर आणि लग्नाचा एक फोटो भिजला आणि दोन्ही काचेला चिकटले. इमारतींचे नकाशे स्कॅन करणारा एक दुकानदार त्याच्या मोठ्या यंत्रातून सर्व फोटो बाराशे डीपीआयने (म्हणजे दर इंचाला बाराशे बिंदू टिपून) काढून द्यायला तयार आहे, भाचा म्हणतो मोबाइल पुरे, आणि त्यांना स्वतःला एखादा चांगला स्कॅनर विकत घ्यावासा वाटतो. धाकट्या भावाचे म्हणणे असे की प्रती झाल्या की मूळ तसबिरी कृष्णेत विसर्जित कराव्यात, कारण नव्या फ्लॅटमध्ये जागा नाही. कोणता स्कॅनर घ्यावा, किती डीपीआय ठेवावे आणि त्यानंतर मूळ फोटो ठेवण्याची गरज उरते का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

सप्रेम नमस्कार.

आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी द्यायला हवे, कारण मूळ फोटो राहणार की जाणार यावर बाकीचे बरेच काही ठरते. मूळ टिकले, तर पुढे कधीतरी अधिक चांगल्या साधनाने पुन्हा प्रत काढता येते; ते पाण्यात गेले, तर आजच्या प्रतीत जे उतरले नाही ते कायमचे गेले. आणि प्रत कितीही काळजीने काढली तरी काही ना काही उतरत नाही. रंगाचा उठाव, कागदाचा पोत, मागच्या पुठ्ठ्यावरचा स्टुडिओचा शिक्का, कुणी पेन्सिलीने लिहून ठेवलेली तारीख, यांपैकी किती गोष्टी प्रतीत येतील हे प्रत काढणाऱ्याचे लक्ष कुठे होते यावर अवलंबून असते. वडीलधाऱ्यांची तसबीर अडगळीत पडू नये म्हणून ती नदीला अर्पण करावी, ही आपल्या भावाची भावना मनापासूनची आहे आणि ती मला कळते. परंतु त्यामागचे कारण जागेचे असेल, तर जागा फोटो अडवत नाहीत. ती अडवतात लाकडी पट्ट्या, काच आणि मागची फळी. फ्रेममधून काढलेले नऊ फोटो, ज्या पुठ्ठ्यावर ते चिकटवले आहेत त्यासकट, एका सपाट खोक्यात मावतील आणि ते खोके कपाटाच्या तळाशी आडवे राहील. त्यामुळे विसर्जनाचा विषय प्रतींच्या कामापासून वेगळा ठेवावा आणि निदान नव्या घरात स्थिरस्थावर होईपर्यंत तो काढूच नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

नकाशांच्या यंत्राला मात्र स्पष्ट नकार द्यावा. त्या यंत्रात कागद एका बाजूने आत जातो, रोलर त्याला दाबून ओढतात आणि तो दुसऱ्या बाजूने बाहेर येतो. ट्रेसिंग पेपर किंवा नकाशा हे सहन करतो. जुन्या फोटोवर जिलेटिनचा थर असतो, तो वयोमानाने ठिसूळ होतो, आणि खालचा पुठ्ठा वाकत नाही, तो मोडतो. रंगवलेल्या तसबिरीवरचा रंग तर रोलरच्या एका घासणीत निघून येऊ शकतो. दुकानदाराचा हेतू चांगला असेल, परंतु ते यंत्र या कामासाठी नाही.

आता डीपीआयविषयी. आकडा जितका मोठा तितकी प्रत चांगली, असे आपण गृहीत धरलेले दिसते, आणि दुकानदारानेही त्याच समजुतीला धरून बाराशेचा आकडा सांगितला आहे. वीस बाय चोवीस इंचांचा फोटो बाराशेने काढला तर सुमारे ६९ कोटी पिक्सेल होतात आणि साध्या आठ-बिट रंगातही फाइल दोन गिगाबाइटांच्या वर जाते. पण एवढ्या पिक्सेलमध्ये भरायला फोटोत तितका तपशील असायला हवा. एन्लार्जमेंट म्हणजे लहान निगेटिव्हवरून मोठी केलेली प्रतिमा. ती मोठी होताना तपशील वाढत नाही, तो फक्त अधिक जागेवर पसरतो. एक साधे भिंग घ्या आणि पणजोबांच्या पापण्या पाहा. भिंगाखाली केस वेगळे दिसत नसतील, तर कोणतेही यंत्र ते वेगळे दाखवू शकणार नाही. बाराशेला फक्त कागदाचे तंतू आणि धूळ अधिक बारकाईने दिसेल. घरगुती एन्लार्जमेंटसाठी इंचाला तीनशे ते चारशे पिक्सेल सहसा पुरतात. चारशेने आपल्या मोठ्या तसबिरीचे सुमारे पावणेआठ कोटी पिक्सेल होतील, आणि तेवढ्यातून मूळ आकाराचीच नव्हे, तर त्याहून मोठी छापील प्रतही नीट निघेल.

समूहफोटोची गोष्ट वेगळी असू शकते. त्या काळी असे फोटो पुष्कळदा मोठ्या काचेच्या निगेटिव्हवरून त्याच आकारात, कागदाला निगेटिव्ह टेकवूनच छापले जात. अशा फोटोत दर इंचाला एन्लार्जमेंटपेक्षा कितीतरी अधिक तपशील दडलेला असतो, आणि चेहरे लहान असल्यामुळे तो महत्त्वाचाही असतो. भिंगाखाली धोतराचा काठ किंवा कोटाची बटणे स्वच्छ दिसली, तर त्या फोटोसाठी सहाशे मागावेत. याच कारणासाठी ट्रंका आणि जुने आल्बमही एकदा चाळून पाहावेत. भिंतीवरचे एन्लार्जमेंट ज्यावरून केले तो मूळ लहान फोटो किंवा निगेटिव्ह घरातच सापडला, तर चेहऱ्याचा तपशील त्यात अधिक असेल. भिंतीवर मोठा दिसतो तोच सर्वांत चांगला, असे आपण सहज धरून चालतो; ते दर वेळी खरे नसते.

स्कॅनर विकत घेण्याचा विचार या नऊ तसबिरींपुरता सोडून द्यावा, असे मला वाटते. घरगुती स्कॅनरची काच ए-फोर आकाराची असते. मोठा फोटो तुकड्या-तुकड्यांनी स्कॅन करून संगणकावर जोडता येतो हे खरे, परंतु बहुतेक स्कॅनरांच्या काचेभोवती उंच काठ असतो. त्यामुळे काचेबाहेर राहणारा फोटो काठावर टेकतो आणि काचेपासून उचलला जातो. प्रिंटरसोबत येणाऱ्या स्वस्त स्कॅनरमध्ये सीआयएस प्रकारचा सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) असतो आणि काचेपासून किंचित वर उचललेला भागही त्यात अंधूक येतो. सीसीडी प्रकारच्या स्कॅनरमध्ये हा दोष पुष्कळ कमी असतो, परंतु पुठ्ठ्यावर चिकटवलेला, थोडा बाक आलेला फोटो काचेवर पालथा घालून दाबणे हेच मुळात धोक्याचे आहे. आल्बममधील शेकडो लहान फोटो स्कॅन करायचे असतील तर सीसीडी स्कॅनर जरूर घ्यावा. तो हिशेब वेगळा.

मोठ्या फोटोंसाठी योग्य मार्ग कॅमेऱ्याचा आहे. तसबिरी हलवायच्या नाहीत, दाबायच्या नाहीत, प्रकाश आणि भिंग त्यांच्यापाशी न्यायचे. चित्रकारांच्या चित्रांची छायाचित्रे काढणारे छायाचित्रकार हेच काम रोज करतात. आपल्याला कोल्हापूर जवळ आहे. तिथे चित्रकारांची मोठी परंपरा असल्यामुळे कलादालनांमध्ये किंवा कलामहाविद्यालयांमध्ये चौकशी केली तर असा माणूस मिळण्याची शक्यता चांगली आहे. लग्नाचे फोटो उत्तम काढणाऱ्याला हे काम जमेलच असे नाही, म्हणून पुढे लिहितो आहे ते समजून घेऊन त्याला प्रश्न विचारावेत. आपला भाचा उत्साही असेल, तर कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स (जवळून बारीक तपशील टिपणारे भिंग) भाड्याने आणून त्यालाही हे करता येईल.

फोटो भिंतीला टेकवलेल्या सपाट फळीवर उभा ठेवावा किंवा जमिनीवर आडवा. कॅमेरा ट्रायपॉडवर, फोटोच्या बरोबर मध्यासमोर आणि त्याला पूर्ण समांतर असावा. समांतरपणा तपासण्याची एक जुनी आणि अचूक युक्ती आहे: फोटोच्या मध्यावर, त्याला स्पर्श न करता, त्याला समांतर एक लहान आरसा धरावा, कॅमेऱ्यातून पाहताना लेन्सचे स्वतःचे प्रतिबिंब चौकटीच्या मधोमध दिसले की कॅमेरा सरळ आहे. लेन्स पन्नास मिलिमीटर किंवा त्याहून लांब, शक्यतो मॅक्रो असावी. वाइड लेन्सने कडा वाकतात. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर पन्नासच्या लेन्सने वीस बाय चोवीसचा फोटो साधारण सव्वा मीटरवरून घेता येतो. अ‍ॅपर्चर एफ-आठच्या आसपास, आयएसओ शंभर, शटर टायमरने किंवा रिमोटने, आणि फाइल रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली माहिती प्रक्रिया न करता जशीच्या तशी. एकसारखे दोन दिवे फोटोच्या दोन्ही बाजूंना समान अंतरावर, पंचेचाळीस अंशांच्या कोनात ठेवावेत आणि खोलीतील ट्यूबलाइट व खिडकीचा उजेड बंद करावा, कारण दोन प्रकारचे प्रकाश मिसळले की रंग नंतर कशानेही सुधारत नाहीत. फोटोच्या जागी पांढरा पुठ्ठा ठेवून एक चित्र घेतले की चारही कोपऱ्यांत प्रकाश सारखा आहे का ते कळते. प्रत्येक फोटोसोबत पहिल्या चित्रात रंगपट्टी आणि मोजपट्टी ठेवावी. रंग खरे होते याचा तोच एक पुरावा राहतो.

चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने हा फोटो एकाच चित्रात घेतला तर इंचाला दोनशे पिक्सेल पडतात, कारण लहान बाजूचे चार हजार पिक्सेल वीस इंचांवर वाटले जातात. चारशे हवे असतील तर सहा तुकड्यांत घ्यावा लागेल. त्यासाठी कॅमेरा आणि दिवे न हलवता, फोटो ज्या फळीवर आहे ती फळी सरकवावी आणि शेजारच्या तुकड्यांत निदान तिसरा हिस्सा सामाईक ठेवावा. हे तुकडे जोडण्यासाठी हुगिन हे मोफत सॉफ्टवेअर आहे, फोटोशॉपमध्येही सोय आहे. अधिक पिक्सेलचा किंवा पिक्सेल-शिफ्टची (सेन्सर किंचित सरकवत अनेक चित्रे घेऊन ती एकत्र करण्याची) सोय असलेला कॅमेरा मिळाला तर हा खटाटोप वाचतो.

आता पणजोबा-पणजींच्या रंगवलेल्या तसबिरी, ज्यांच्याविषयी मला सर्वांत अधिक सांगायचे आहे. कृष्णधवल ब्रोमाइड एन्लार्जमेंटवर चित्रकाराने हाताने रंग भरले की ती वस्तू अर्धी छायाचित्र आणि अर्धी चित्र होते. चेहऱ्यावर रंगाचा अगदी पातळ हात असतो, कारण ओळख टिकायला हवी. शालू, पगडी, मागचा पडदा यांवर तो जाड असतो. आणि दागिन्यांवर चित्रकार पुष्कळदा सोनेरी रंगाचे उठावदार ठिपके देतो. नथीतला मोती, ठुशीचे मणी बोटाला जाणवतील इतके वर आलेले असतात. अशा पृष्ठभागावरची चमक घालवण्यासाठी दिव्यांवर पोलरायझिंग फिल्म (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारा पातळ पडदा) आणि लेन्सवर पोलरायझर हा तशाच कामाचा फिल्टर लावून तो नव्वद अंशांत फिरवतात. यामुळे परावर्तित झळाळी जवळजवळ पूर्ण नाहीशी होते, आणि जुन्या फोटोंच्या गडद भागात चांदी वर येऊन जी निळसर, आरशासारखी झाक दिसते तीही मावळते. स्कॅनरमध्ये ही सोय नसते, कॅमेरा निवडण्याचे हे मोठे कारण आहे. परंतु याच उपायाने सोनेरी रंग निस्तेज, मातकट दिसू लागतो आणि रंगाचा उठाव सपाट होतो. पणजींचे दागिने तसे दिसणे मला तरी मान्य होणार नाही. म्हणून या दोन तसबिरींची प्रत्येकी तीन चित्रे मागावीत: एक पोलरायझर लावून, एक त्याशिवाय, आणि एक फक्त एका बाजूच्या, खूप तिरप्या प्रकाशात, ज्यात ब्रशचे फटकारे आणि पोपडे सुटलेल्या जागा दिसतील. तिसरे चित्र भिंतीवर लावण्यासाठी नाही. पुढे कधी दुरुस्ती करायची झाली तर ते संवर्धकाला उपयोगी पडते. आणि एक विनंती: प्रत काढण्याआधी तसबीर ‘जरा पुसून’ घेऊ नये. ओले फडके, कोलीन, स्पिरिट, यांतले काहीही रंगाला लागू देऊ नये. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटकणे एवढेच, आणि रंग सुटत असेल तर तेही नाही.

सर्वांत जुने फोटो सर्वांत आधी, असा क्रम आपण मनाशी धरला आहे. मी तो उलटा करायला सांगेन. छापतानाच नीट धुतला गेलेला कृष्णधवल फोटो चांदीचा असतो आणि शतकभर टिकू शकतो. १९७०–८० च्या दशकांतील रंगीत फोटो रंगद्रव्यांचे असतात. ती उजेडात उडतात आणि अंधारात ठेवली तरीही हळूहळू उडतच राहतात. सायन (निळसर-हिरवा) थर फिका झाला की सगळे चित्र तांबूस दिसू लागते. म्हणजे जे फोटो ‘अजून नवे’ म्हणून आपण शेवटी ठेवले आहेत तेच सर्वांत वेगाने जात आहेत. त्यांच्या खरबरीत, रेशमी म्हटल्या जाणाऱ्या कागदामुळे स्कॅनरमध्ये पांढऱ्या ठिपक्यांची जाळी उमटते. वर सांगितलेल्या पोलरायझरच्या पद्धतीने ती पुष्कळच कमी होते.

महापुरात भिजलेल्या दोन तसबिरींच्या बाबतीत एकच गोष्ट कटाक्षाने पाळावी. काच ओढू नये, सुरी घालू नये, पाण्यात भिजवून सोडवण्याचा प्रयत्न करू नये. पुरात भिजून मग वाळलेल्या जिलेटिनने काच धरलेली आहे. काच ओढली तर चेहरा काचेबरोबर येईल. या तसबिरींची प्रत काचेतूनच घ्यावी: काच बाहेरून कोरड्या फडक्याने पुसून, पोलरायझर लावून आणि कॅमेऱ्यासमोर काळे कापड धरून, ज्याला लेन्सपुरते भोक असेल. चिकटलेला भाग आणि न चिकटलेला भाग यांच्या छटेत फरक दिसेल, तो राहू द्यावा. पुढचे काम प्रशिक्षित संवर्धकाचे आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात कलावस्तूंचे संवर्धन केंद्र आहे आणि वारसा-जतनाचे काम करणाऱ्या इनटॅक या संस्थेचीही संवर्धन केंद्रे आहेत. तसबिरींचे मोबाइलवर काढलेले स्वच्छ फोटो पाठवून तिथे विचारणा करता येईल.

भाच्याच्या मोबाइलला इथे खरे काम आहे. पॅकिंगच्या धावपळीआधी प्रत्येक तसबीर समोरून, मागून आणि चारही कोपऱ्यांतून मोबाइलवर टिपून ठेवावी. घर हलवताना काही फुटले वा हरवले तर निदान नोंद राहील. मात्र त्या फोटोंना मुख्य प्रत समजू नये. मोबाइल स्वतःच्या हिशेबाने कडा टोकदार करतो, फोटोचे बारीक दाणे पुसतो, आणि त्या पुसण्यात कातडीचा पोतही जातो. हाच आक्षेप चेहरे ‘सुधारून’ देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अ‍ॅपना अधिक जोराने लागू होतो. ती नसलेल्या पापण्या, नसलेले दात, नसलेली नजर काढून देतात. लग्नाच्या हॉलमध्ये लावायला अशी प्रत कुणाला हवी असेल तर ती वेगळ्या नावाने ठेवावी. मुख्य फाइलला हात लावू नये.

ती मुख्य फाइल सोळा-बिट टिफ (छटांचे बारीक फरक आणि तपशील न गमावता साठवणारी) असावी, शक्य तर अ‍ॅडोबी आरजीबी या अधिक रंग सामावणाऱ्या रंगक्षेत्रात. चारशेच्या हिशेबाने एका मोठ्या तसबिरीची फाइल सुमारे ४६० मेगाबाइट होईल. नातेवाइकांसाठी तिच्यावरून एसआरजीबी जेपेग (कोणत्याही मोबाइल-संगणकावर नीट दिसणाऱ्या, लहान फाइली) काढाव्यात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवाव्यात, नाहीतर त्या दाबल्या जातात. टिफ आणि रॉ दोन्हींच्या तीन प्रती असाव्यात: एक संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक सांगलीबाहेर, दुसऱ्या शहरातल्या नातेवाइकाकडे किंवा क्लाउडवर. पुराचा अनुभव घेतलेल्या घराला हे मी अधिक पटवून सांगायला नको.

छायाचित्रकाराला काम देताना त्याला चार गोष्टी विचाराव्यात: रॉ आणि टिफ दोन्ही देणार का, पोलरायझर लावून प्रकाशयोजना करता येते का, फ्रेम कोण उघडणार, आणि एका फोटोचा नमुना आधी दाखवणार का. शक्यतो त्याला घरी बोलवावे. फ्रेम आपल्या डोळ्यांसमोर उघडली जावी, मागचे गंजलेले खिळे पकडीने एकेक करून सरळ बाहेर काढावेत, आणि फोटो पुठ्ठ्याला पूर्ण चिकटवलेला असेल तर तो पुठ्ठ्यापासून वेगळा करू नये. मागचा कागद, शिक्के, हस्ताक्षर यांचेही चित्र घ्यावे. समूहफोटो घेताना खालच्या छापील नावांसकट पूर्ण पुठ्ठा चौकटीत यायला हवा. फोटोच तेवढा कापून घेण्याची अनेकांना सवय असते. काम झाल्यावर फोटो आम्लमुक्त कागदात गुंडाळून सपाट ठेवावेत. लॅमिनेशन कधीही करू नये, त्यातून फोटो परत बाहेर येत नाही. मागे काही लिहायचे असेल तर मऊ पेन्सिलीने, कडेला.

वेळेचे असे करावे. पावसाळ्यात फ्रेमा उघडू नयेत, कारण दमट हवेत जिलेटिन फुगते आणि बुरशीला वाव मिळतो. मोबाइलवरची नोंद, ट्रंका चाळणे, छायाचित्रकाराचा शोध ही कामे आता सुरू करावीत आणि ऑक्टोबरातली हवा कोरडी झाली की रंगीत फोटोंपासून प्रत्यक्ष काम काढावे; दिवाळीपर्यंत नऊ तसबिरींना तेवढा अवधी पुरेल. समूहफोटोची एक प्रत त्या शाळेला जरूर द्यावी. आणि भावाला या कामात फ्रेमा उघडण्याच्या दिवशी हजर राहायला सांगावे, म्हणजे नव्या फ्लॅटमध्ये न्यायचे खोके प्रत्यक्षात किती जाडीचे आहे ते त्यालाही पाहता येईल.